ओबांदोच्या रस्त्यावर

मनिलात राहायला येऊन सात महिने झाले होते आणि तोवर फिलिपिनो लोकनृत्य म्हणजे मी रंगमंचावर पाहिलेले, एवढेच मला ठाऊक होते. डिसेंबरात नवऱ्याच्या कार्यालयातल्या मंडळींबरोबर एका सभागृहात बसून मी दीड तासात अवघा द्वीपसमूह पाहून घेतला होता. त्यात लेयते बेटाचे तिनिक्लिंग होते. एकमेकांवर आपटणाऱ्या बांबूंच्या मधून अनवाणी पावले भातखाचरातल्या तिक्लिंग पक्ष्यासारखी निसटत होती. मिंदानाओतल्या लानाव सरोवराकाठच्या मारानाव लोकांचे सिंगकिल होते. त्यात दोन्ही हातांत पंखे घेतलेली राजकन्या बांबूंच्या चौकटीतून मान जराही न लववता चालत गेली. लुबांग बेटावरचा पांदांग्गो सा इलाव तर मी श्वास रोखून पाहिला, कारण नर्तकीच्या डोक्यावर एक आणि दोन्ही हातांच्या पाठीवर एकेक असे तीन दिवे होते आणि ती गिरक्या घेत असताना त्यांतला एकही कलला नाही. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. परंतु घरी परतताना मला सारखे वाटत राहिले की, त्या नाचणाऱ्यांपैकी कोणाचेही त्या नाचावाचून काही अडलेले नव्हते.

हे मी आमच्या शेजारणीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की, ज्यांचे अडलेले असते ते मे महिन्यात ओबांदोला नाचतात.

ओबांदो हे मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतात, मत्स्यतळ्यांच्या मधोमध वसलेले गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये दरवर्षी १७, १८ आणि १९ मे असे तीन दिवस उत्सव असतो: पहिला दिवस सान पास्कुआल बायलोन या संताचा, दुसरा सांता क्लाराचा आणि तिसरा सालांबावच्या मातेचा, म्हणजे मेरीचा. सालांबाव म्हणजे तराफ्यावर बसवलेले मोठे मासेमारीचे जाळे. १७६३ साली कोळ्यांच्या अशा एका जाळ्यात मातेची मूर्ती सापडली, अशी आख्यायिका आहे. मुलगा हवा असेल तर पास्कुआलपुढे नाचावे आणि मुलगी हवी असेल तर क्लारापुढे, अशी लोकांची समजूत आहे. फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांच्या १८८७ सालच्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीतली पिया आल्बा लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नाही म्हणून इथेच नाचते आणि पुढे तिला मारिया क्लारा ही मुलगी होते. ती कथा नंतर फार दुःखाच्या वाटेने जाते. परंतु शेजारणीने मला तेवढाच भाग सांगितला आणि तो का सांगितला, हे मला कळले.

आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत. पुण्यात चार वर्षे उपचार झाले. सासूबाईंनी जेजुरीला नवस बोलला, तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. एका डोहाळजेवणात ओटी भरण्यासाठी पाळीने एकेकीला बोलावत असताना माझे नाव गाळून पुढचे नाव घेतले गेले, ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून मी ओबांदोला जाताना नवऱ्याला फक्त एवढेच सांगितले की, मी एक उत्सव पाहायला जात आहे.

जीपनीतला, म्हणजे इथल्या जीपवजा लहान बसमधला, प्रवास घामाचा होता आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मी पोहोचले तेव्हा प्रार्थना संपून मिरवणूक निघण्याच्या बेतात होती. सजवलेल्या गाड्यांवर मूर्ती होत्या, मागेपुढे पितळी वाद्यांचे ताफे होते आणि मूर्तींपुढचा सारा रस्ता नाचणाऱ्यांनी भरलेला होता. नाच तोच, पांदांग्गो, स्पॅनिश फांदांगोवरून आलेला; परंतु रंगमंचावर पाहिलेल्या नाचाशी त्याचे नाते मला पहिली काही मिनिटे ओळखूच आले नाही. पावले लहान होती, अंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलत होते, हात डोक्याच्या वर होते आणि बोटे जणू हवेतून काही वेचत होती. तरुण जोडपी होती, पन्नाशीच्या बायका होत्या, कडेवर तान्ही मुले घेतलेले बापही होते. ताफे पुन्हा पुन्हा एकच धून वाजवत होते. त्या गाण्यातला भक्त सांता क्लाराला सांगतो की, माझे वचन असे आहे, ओबांदोला पोहोचलो की मी पांदांग्गो नाचेन. याला आपल्या भाषेत नवस म्हणतात. दुसरा शब्द मला सुचला नाही.

त्या गर्दीत माझ्यापासून दोन हातांवर एक जोडपे नाचत होते. दोघेही चाळिशीच्या जवळ आलेले असावेत. बाईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतलेला एक माणूस उलट्या पावलांनी तिच्यापुढे चालू लागला, मग अगदी तिच्या तोंडापाशी आला आणि डोळे उघडून जरा हसण्याची खूण करू लागला. तिने डोळे उघडले नाहीत. तिच्या नवऱ्याने मात्र त्याला एक शब्दही न बोलता, ताल न सोडता, दोन पावले तिरकी टाकली आणि नाचत नाचतच तो बायको आणि कॅमेरा यांच्या मधे आला. तो माणूस जिकडे सरकेल तिकडे हा सरकत राहिला, हात वर, बोटे हवेत, पाठ कॅमेऱ्याकडे आणि तोंड बायकोकडे. शेवटी कॅमेरा निघून गेला. मला त्या छायाचित्रकाराचा इतका संताप आला की, माझे हात थरथरू लागले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्याच हातात माझा फोन आहे आणि त्यात त्याच बाईचे चाळीस सेकंदांचे चित्रण झालेले आहे. मी ते तिथेच पुसून टाकले. ओबांदोला जाणाऱ्यांनी छायाचित्रे घ्यावीत की नाहीत, हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मी कडेला उभी राहिले. आपल्याकडे मूल नसणे हे घरात दबक्या आवाजात बोलायचे, उपास बाईने एकटीने करायचे आणि पुरुषाचे नाव त्यात काढायचे नाही, हे मी अकरा वर्षे पाहिले आहे. इथे तीच उणीव भर रस्त्यात, वाजतगाजत, नवराबायको दोघे मिळून देवापुढे मांडत होती आणि बघे त्यांना वाट करून देत होते.

तेवढ्यात एका आजींनी माझे मनगट धरले. नऊवारीतली माझी आजी जेवढी ठेंगणी होती तेवढ्याच त्या होत्या. ‘अनाक,’ म्हणजे लेकरा, असे म्हणून त्यांनी मला रस्त्यावर ओढले. मी त्यांना लोला म्हटले, म्हणजे आजी, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना लावायचा ‘पो’ त्यापुढे जोडला, तेव्हा त्या हसल्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितले की, पायांची चिंता करू नकोस, ते ताफा सांभाळतो. मनगट आतून बाहेर फिरव. त्या फिरवण्याला कुमिनतांग म्हणतात, हे मला नंतर कळले. त्यांचा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा असून जहाजावर नोकरीला आहे. तो झाल्यापासून त्या दरवर्षी येतात आणि तो समुद्रावर असतो म्हणून त्याच्या वाटचेही नाचतात. मग त्यांनी विचारले, तुझे मागणे काय आहे? मला कोणत्याच भाषेत उत्तर देता आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. पुढच्या ठेक्याला त्यांनी माझा हात फक्त थोडा अधिक वर उचलला.

१८ तारीख मी घरात पडून काढली, कारण पिंढऱ्या दुखत होत्या. संध्याकाळी नवऱ्याला सगळे सांगितले, कॅमेऱ्यापुढे आलेल्या त्या माणसाविषयी दोनदा सांगितले. जेजुरीच्या नवसाचाही विषय निघाला आणि सासूबाईंना फोन करून आम्ही बराच वेळ बोललो.

१९ तारखेला त्याने रजा घेतली आणि आम्ही दोघे गेलो, फोन घरी ठेवून. लोला कुठे दिसल्या नाहीत. लहानपणच्या गणपती विसर्जनानंतर माझा नवरा कधी रस्त्यावर नाचलेला नव्हता. तो बराच वेळ माझ्या पावलांकडे पाहत राहिला, मग त्याने हात वर केले, आणि सालांबावची माता गावातून फिरून पुन्हा चर्चच्या दारात येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.