शनिवार-रविवारसाठी किती लांब जावे?

म्युनिकमधल्या कोणाही सहकाऱ्याला एखादे गाव किती लांब आहे असे विचारले, तर उत्तर सहसा किलोमीटरमध्ये मिळत नाही. 'दीड तास, गाडी थेट आहे' किंवा 'दोन तास, पण एकदा बदलावी लागते' असे मिळते. पुण्याहून महाबळेश्वर १२० किलोमीटर आहे हे पाठ असले, तरी जोडून सुट्टी आली की पसरणी घाटात त्या अंतराचे किती तास होतील याची हमी कोणी देत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ही पद्धत पटायला वेळ लागत नाही. न्यूरेंबर्ग इथून रेल्वेने सुमारे १७० किलोमीटर आहे, आणि २००६ मध्ये इंगोलश्टाटमार्गे वेगवान लोहमार्ग सुरू झाल्यापासून तिथे जायला तासाभराहून थोडाच अधिक वेळ लागतो. उलट आल्प्समधले एखादे खेडे शंभर किलोमीटरच्या आत असूनही, स्टेशनवरून पुढे जाणाऱ्या बसच्या वेळा जुळल्या नाहीत तर सहज तीन तास खाते.

आमच्या घरात यावरून बऱ्याच चर्चा झाल्यावर एक मर्यादा ठरून गेली आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढीच सुट्टी असेल, तर घराला कुलूप लावल्यापासून मुक्कामाच्या खोलीत पिशव्या टेकवेपर्यंत तीन तास, आणि वाटेत फार तर एकदा गाडी बदलणे. त्यापलीकडची गावे मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवायची. भारतातल्या नातेवाइकांना हे ऐकून वाईट वाटते. "अगं, पॅरिस तर तुमच्या दाराशी असेल, दर महिन्याला जात असाल ना?" असे मावशी फोनवर विचारते, तेव्हा थेट गाडीनेही पॅरिसला जवळजवळ सहा तास लागतात हे तिला खरे वाटत नाही, कारण जगाच्या नकाशावर सगळा युरोप तळहाताएवढा दिसतो.

हिशेब साधा आहे. शुक्रवारी दुपारी चारला निघून रविवारी रात्री आठला घरी यायचे म्हटले, तर हातात बावन्न तास येतात. दोन रात्रींची झोप सोळा तासांची धरली की छत्तीस उरतात. जाण्यायेण्याचे तीन-तीन तास वजा केले तरी तीस तास पदरात पडतात, आणि मुख्य म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ हाती लागते. आता हाच हिशेब विमानाने रोमला जायचे ठरवून मांडून पाहावा. प्रत्यक्ष उड्डाण दीड तासाचे आहे, तिकीटही कधीकधी आश्चर्य वाटावे इतके स्वस्त मिळते; पण म्युनिकचा विमानतळ शहराच्या ईशान्येला जवळजवळ तीस किलोमीटरवर आहे आणि मुख्य स्थानकातून तिथे जायला लोकल गाडीला चाळीसएक मिनिटे लागतात. त्याआधी घरातून स्थानक गाठणे, विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर बाहेर पडणे, रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनी या मुख्य स्थानकापर्यंतची ३२ मिनिटांची गाडी आणि तिथून हॉटेल, असे सगळे जोडले की एका बाजूचे सहा तास कसे उडून गेले ते कळत नाही. छत्तीसातले बारा तास गेले, राहिले चोवीस, आणि ज्या शहराला पाच दिवसही अपुरे पडावेत त्याच्या छाताडावर आपण घड्याळ घेऊन उभे! रोमला जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. दोन रात्रींसाठी जाऊ नये, एवढेच आहे.

मर्यादा ठरवताना शुक्रवारपेक्षा रविवारकडे अधिक पाहावे, हे मला तासांच्या गणिताहूनही महत्त्वाचे वाटते. जाताना माणूस उत्साहात असतो, गाडीत उभे राहावे लागले तरी चालते, उशीर झाला तरी हसण्यावारी जातो. रविवारी संध्याकाळी मात्र आल्प्सकडून म्युनिककडे येणाऱ्या प्रत्येक गाडीत पाठपिशव्या, सायकली, स्कीच्या काठ्या आणि पेंगुळलेली मुले खच्चून भरलेली असतात, दुसऱ्या दिवशीची शाळा आणि ऑफिस डोक्यात घोळू लागलेले असते, आणि तेव्हा एक गाडी चुकणे म्हणजे रात्रीचे जेवण, मुलीची झोप आणि सोमवारची सकाळ या तिन्हींवर पाणी सोडणे असते. म्हणून कोणतेही गाव निवडताना आम्ही आधी परतीची गाडी पाहतो. रविवारी संध्याकाळी तिथून दर तासाला थेट गाडी असेल, तर ते गाव दूर नाही. चार तासांनी एक आणि तीही मध्ये बदलावी लागणारी असेल, तर ते गाव जवळ असूनही दूरच समजावे.

गाडी बदलण्याला मी एवढे का घाबरते, ते जर्मन रेल्वेचा लौकिक अजून जुन्या काळातलाच मानणाऱ्यांना सांगायला हवे. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, अशी रेल्वेचीच मोजणी आहे. अशा परिस्थितीत वेळापत्रकात दिलेला आठ मिनिटांचा बदल हा कागदावरचा बदल असतो. स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीपुरतेच चालते. मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले, तर ते बंधन सुटते आणि दुसरी गाडी घेता येते, ही त्यातल्या त्यात सोय. पण ती दुसरी गाडी असायला तर हवी! त्यामुळे दोनदा बदलून तीन तासांत पोहोचवणाऱ्या मार्गापेक्षा, एकदाही न बदलता साडेतीन तास घेणारा मार्ग मी डोळे मिटून निवडीन, आणि इथे आमची मर्यादा अर्ध्या तासाने वाकली तरी माझी हरकत नसते.

उशिरा पोहोचण्याची आणखी एक अडचण भारतातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे जेवण. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातल्या लहान गावांत खानावळीचे स्वयंपाकघर बहुधा साडेआठ-नऊला बंद होते, दुकानांची दारे कायद्यानेच रात्री आठला लागतात आणि रविवारी ती उघडतच नाहीत. शुक्रवारी रात्री साडेनऊला गावात पोहोचलेल्या शाकाहारी कुटुंबाला बिअर मिळेल, घास मिळेलच असे नाही. आमच्या पिशवीत म्हणूनच धपाटे आणि लसणाची चटणी असते. वेळेत पोहोचलो तर केझश्पेत्सले हा शाकाहाऱ्यांचा हक्काचा पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतो: अंडे घालून भिजवलेल्या पिठाचे लहान लहान तुकडे, भरपूर चीज आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. अंडे न खाणाऱ्यांनी धपाट्यांवरच भरवसा ठेवावा.

आता तीन तासांच्या आत काय सापडते ते सांगते, कारण मर्यादा घातली की हाती काहीच उरत नाही असे वाटण्याचा संभव आहे. मे २०२३ पासून जर्मनीत एक मासिक पास मिळतो, ज्यावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांतून कितीही फिरता येते. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. वेगवान गाड्यांत तो चालत नाही, आणि तेच बरे आहे, कारण त्या पासाने आमचे जग आपोआप जवळच्या गावांपुरते आखून दिले. टेगर्नझे हे तळ्याकाठचे गाव तासाभरावर आहे, फक्त त्या गाडीत बसताना डबा नीट पाहावा लागतो: होल्त्सकिर्शेनला आणि पुढे शाफ्टलाखला ती गाडी दुभंगते आणि एकाच फलाटावरून निघालेले प्रवासी तीन वेगवेगळ्या खोऱ्यांत जातात. होल्त्सकिर्शेन जवळ आले की उद्घोषणा होते आणि दर खेपेला कोणीतरी पाठपिशवी, कुत्रा आणि अर्धवट प्यालेली कॉफी सांभाळत खाली उतरून फलाटावरून पुढच्या भागाकडे धावत सुटते.

पण आमचे लाडके ठिकाण मिटेनवाल्ड. म्युनिकच्या मुख्य स्थानकातून थेट गाडी, दोन तासांच्या आत, आणि शेवटच्या टप्प्यात खिडकीत कार्वेंडेल पर्वतरांगेची करडी भिंत इतकी जवळ येते की मान वर केल्याशिवाय माथा दिसत नाही. व्हेनिसहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरचे हे गाव आहे. १४८७ मध्ये बोल्त्सानो या आता इटलीत असलेल्या शहराचा बाजार इथे हलवला गेला आणि जवळजवळ दोनशे वर्षे टिकला. १६७९ मध्ये तो परत गेल्यावर गावाची मिळकत आटली, आणि त्याच सुमारास माथियास क्लोत्स याने इथे व्हायोलिन बनवण्याचा धंदा उभा केला. आसपासच्या डोंगरांत हळू वाढणारे स्प्रूस लाकूड मिळत होते, माल विकायला जुन्या वाटा होत्याच. १८५८ मध्ये इथे व्हायोलिन बनवण्याची शाळा निघाली, ती आजही चालते. चर्चच्या शेजारी क्लोत्सचा पुतळा आहे, कामात मान घालून बसलेला; सरदार-सेनापतींच्या घोड्यावरच्या पुतळ्यांची सवय झालेल्या आमच्या मुलीला त्याचे फार अप्रूप वाटते. तिरंगी-चौरंगी चित्रांनी रंगवलेल्या घरांची मुख्य गल्ली पाहून झाली की आम्ही लॉयटाशच्या घळीत जातो. तिथे कड्याला ठोकलेल्या पोलादी पदपथांवरून, पायांखालच्या जाळीतून खोल वाहणारे पाणी पाहत चालताना बव्हेरियातून ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये कधी शिरलो ते कळतही नाही. मावशीला हवा असलेला दुसरा देश असा पायी आणि फुकट घडतो. आणि गावातून वाहणारी नदी इझार, म्हणजे आमच्या म्युनिकमधूनच पुढे जाणारी.

साल्झबुर्गही पावणेदोन-दोन तासांवर आहे आणि तो पास तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत चालतो. ते शहर ऑस्ट्रियात असल्यामुळे पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड जवळ ठेवावेच लागते, कारण सप्टेंबर २०१५ पासून जर्मनीने या सीमेवर तपासणी सुरू केली आहे आणि परतताना फ्राइलासिंग या सीमेवरच्या जर्मन स्टेशनात पोलीस गाडीत चढतात. मोटारीने जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. शुक्रवारी दुपारी साल्झबुर्गकडे जाणारा महामार्ग आणि ब्रेनर खिंडीचा रस्ता तुंबलेला असतो, आणि हैराण झालेल्या टिरोलने २०१९ पासून सुट्टीच्या हंगामात महामार्ग सोडून गावांतून पळवाट काढण्यावर बंदी घातली आहे. आमच्याकडे मोटार नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडते.

पुण्यात असताना आम्ही याच्या अगदी उलट वागत होतो, हे मान्य करायला हवे. शुक्रवारी रात्री स्लीपर बसमध्ये पडायचे, शनिवारी सकाळी मालवण नाहीतर पणजी, आणि रविवारी रात्री पुन्हा बस धरून सोमवारी सकाळी आंघोळ करून थेट ऑफिस. रात्र प्रवासात गेली की अंतर फुकट पडते, हा आपला हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही. इथे जर्मन रेल्वेने आपल्या रात्रीच्या शयनगाड्या २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद केल्या; ऑस्ट्रियन रेल्वेने त्यांतल्या बऱ्याच चालू ठेवल्या, त्यामुळे म्युनिकहून रात्री निघून सकाळी व्हेनिसला किंवा रोमला उतरता येते. मात्र चांगल्या बर्थचे भाडे हॉटेलच्या खोलीएवढे होते, आणि चाळिशीनंतर दोन रात्री गाडीत काढून सोमवारी कामावर जाण्याची माझी तरी तयारी नाही.

लांबची गावे आम्ही मे-जूनसाठी ठेवतो, कारण तेव्हा दोन सण हमखास गुरुवारी येतात आणि शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. बर्लिन चार तासांवर असले तरी चार दिवसांत ते शांतपणे पाहता येते. पंधरा ऑगस्टलाही म्युनिकमध्ये सुट्टी असते. ती मेरीच्या स्वर्गारोहणाची, पण तो दिवस आठवड्याच्या कडेला आला की आम्ही सकाळी घरी झेंडावंदनाचे प्रक्षेपण पाहून दुपारच्या गाडीने निघतो.

आईबाबा तीन महिने राहायला आले, तेव्हा ही सगळी मर्यादा निम्म्यावर आणावी लागली. बाबांच्या गुडघ्यांमुळे फलाट बदलणेच नको होते, म्हणून त्यांच्यासाठी पहिली निवड रेगेन्सबुर्गची केली: थेट गाडी, दीड तास, सपाट जुने शहर, आणि डॅन्यूबवर ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला दगडी पूल, ज्यावरून आज फक्त माणसे आणि सायकली जातात. सकाळी नाश्ता करून निघालो, पुलाच्या मध्यावर बाबा जवळजवळ तासभर कमानींची बांधणी निरखत उभे होते, आणि हॉटेलची खोली तीन वाजता मिळेपर्यंत आईने दोन चर्चे आणि एक साबणाचे दुकान पाहून घेतले होते. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तिने विचारले, की असे दीड तासाचे आणखी कोणते गाव आहे. पॅरिसचे नाव नंतर तिने काढले नाही, मावशीने मात्र अजून सोडलेले नाही.