कोणत्या तोंडाने येऊ?

वेंगुर्ला, रविवार, रात्री

आज मिस्साला, म्हणजे देवळातल्या रविवारच्या उपासनेला, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय होता. रात्रभर जाळं टाकून शिष्यांच्या हाती काही नाही, आणि पहाटे काठावर मेलेल्यांतून उठलेला येशू, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. आमच्या किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण येशूला ओळखताच शिष्य पेत्राने पाण्यात मारलेल्या उडीपाशीच माझं मन अडकलं. होडी काठापासून जेमतेम दोनशे हातांवर होती, बसून राहिला असता तरी पोचलाच असता. थोड्याच दिवसांपूर्वी अशाच विस्तवाजवळ शेकत उभं राहून त्याने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. आणि आता त्याच्याचकडे जायला त्याला दम निघत नव्हता.

माझा भाचा मात्र देवळात येत नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्याने मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळणं सोडलं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या आधीच पुन्हा बसला, रापणीचा, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासळीचा, वाटा त्यात गेला. परवा त्याच्या खळ्यात गेले तर फाटलेलं जाळं सांधत होता. सुई आत जायची, गाठ आवळली जायची, पण मान काही वर होईना. म्हणाला, "मावशे, खंयच्या तोंडान येव?" मग हळूच म्हणाला, मोबाइल हातात घेतला की अजूनही बोटं तिकडेच वळतात, म्हणजे माझा पश्चात्तापच खोटा.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. बोटं वळणं म्हणजे पाप नव्हे गं बाई! मनात ओढ उठणं वेगळं आणि तिला होकार देणं वेगळं. रानात चाळीस दिवस खुद्द येशूचीच परीक्षा झाली. आपल्यासारखीच सगळी परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला, असं इब्री लोकांस पत्रात चौथ्या अध्यायात आहे. ओढ उठली म्हणून पोर स्वतःला आधीच हरलेला समजतो, आणि हरलोच आहोत तर खेळूनच घेऊ, इथपर्यंत पोचतो. दुसरा मोह हाच, आणि मला तो पहिल्याहून भयंकर वाटतो.

संत इग्नाती लोयोलाने हे भोगलं होतं. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावात तो जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, तरी समाधान नाही. जीव द्यावा असंही त्याच्या मनात यायचं. त्यातून तरल्यावर त्याने जे नियम लिहिले त्यातले दोन मला रोज उपयोगी पडतात. मन उदास असताना आधी घेतलेला निश्चय बदलू नये. आणि सैतानाला गुपित हवं असतं, म्हणून मनातलं चांगल्या कबुलीदात्याला, म्हणजे पापांची कबुली ऐकणाऱ्या फादरांना, उघड सांगावं.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्यानेही आपलं पाप असंच उघड सांगितलं होतं, हे आपण विसरतो. ३० नाणी परत घेऊन तो मुख्य याजकांकडे गेला, निर्दोष माणसाला धरून दिलं म्हणाला. ते काय म्हणाले? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं हे उत्तर वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण आपल्या बाकांवरही ते ऐकू येतं. कोण कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, उठलं नाही याकडे नजरा असतात, मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर कुजबुज होते. पोरगा घाबरतो तो देवाला थोडा आणि आम्हाला जास्त.

आज संध्याकाळी पुन्हा त्याच्याकडे जाऊन आले. रात्री मोबाइल आईच्या उशाशी ठेवायचा, एवढं त्याने कबूल केलं. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, फादरांकडे शनिवारी जाऊया, मी बाहेर थांबते, म्हटलं. त्यावर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कम्युनियनचं फादरांशी बोलून ठरव, पण रविवारी माझ्याच बाकावर येऊन बस, असं सांगून आले आहे.