जोर कुठे द्यायचा?

“सॉरी, कुठला शब्द?” ऑनलाइन मीटिंगमध्ये पलीकडच्या बाईंनी पुन्हा विचारलं. शेवटी माझ्या सहकाऱ्याने ‘डेव्हलपमेंट’चं स्पेलिंग सांगितलं. विषयाचा एवढा पक्का माणूस, पण त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. मला ते दिवसभर खुपत राहिलं.

त्याने एकही अक्षर गाळलं नव्हतं. फक्त जोर पहिल्या अक्षरावर दिला, ‘डे’वर. इंग्रजीत तो ‘व्हे’वर पडतो आणि आजूबाजूचे स्वर अगदी पुसट होतात, साधारण ‘डिव्हेलप्मन्ट’. जोर हलला की इंग्रजीला सरावलेल्या कानांना अख्खा शब्दच अनोळखी वाटू शकतो.

‘फोटोग्राफ’ घ्या. जोर पहिल्या अक्षरावर. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, उच्चार होतो ‘फटॉग्रफर’. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर!

मराठीत जोर हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण बहुतेक स्वर स्पष्ट उच्चारतो, आणि देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्दही तसाच वाचतो. तिथे कुठलं अक्षर पुसट करायचं, हे कळायला काही खूणच नसते.

इंग्रजी शब्दकोशात मात्र असते. उच्चार दाखवताना बहुतेक कोशांत जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ देतात. स्पेलिंगं तर आपण सगळ्यांनीच घोकली. ती रेघ तुम्हाला शाळेत कुणी दाखवली होती का?