जिलेटिनवर न तरंगलेलं कल्चर

प्रयोगशाळेत तांबड्या पेशींत वाढवलेल्या हिवतापाच्या परजीवींचं कल्चर जिलेटिनमध्ये मिसळलं की ट्यूबमध्ये अर्ध्या तासाच्या आत दोन थर पडायला हवेत. खाली परजीवी नसलेल्या तांबड्या पेशी, वर गढूळ द्रव आणि त्या द्रवात फाल्सिपेरम हिवतापाचे वाढलेले परजीवी असलेल्या पेशी. त्या दिवशी गाळ छान बसला, पण वरच्या द्रवाच्या गिम्सा स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या थेंबात, परजीवी जवळजवळ नव्हतेच. कल्चर दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलं होतं. स्ट्रेनचं, म्हणजे परजीवीच्या वाणाचं, नाव लिहिलेलं होतं, ते किती काळ फ्लास्कमध्ये वाढत होतं याची नोंद नव्हती.

अशा वेळी पहिला संशय जिलेटिनवर. आरपीएमआय या पोषक द्रवात 0.75 टक्के, तापमान 37 अंश. थोडं गार झालं तरी ते दाट होतं आणि थर नीट सुटत नाहीत. दुसरा संशय वयावर. परजीवीच्या 48 तासांच्या वाढीच्या चक्रात पेशीच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे, म्हणजे नॉब, साधारण पहिल्या 16 ते 20 तासांनंतर उठतात. निरोगी पेशी जिलेटिनमध्ये एकमेकींवर रचल्या जाऊन झटकन खाली बसतात. नॉब असलेल्या पेशींची अशी चळत लागत नाही, म्हणून त्या वर राहतात. रिंग या सुरुवातीच्या अवस्थेत नॉब नसतात, त्यामुळे रिंग नेहमी गाळातच जातात. पण आमच्या मूळ स्मिअरमध्ये रंगद्रव्य धरलेले भरपूर ट्रोफोझोइट, म्हणजे रिंगच्या पुढच्या अवस्थेतले परजीवी, होते.

मग तोच गाळ चुंबकी कॉलममधून सोडला. इथे पकड हिमोझोइन या परजीवीतल्या रंगद्रव्याच्या लोहामुळे बसते, नॉबशी तिचा संबंध नाही. कॉलमने ट्रोफोझोइट व्यवस्थित धरले. म्हणजे परजीवी जिवंत, वय योग्य, बदललाय तो पृष्ठभाग. पीसीआरने उरलेलं स्पष्ट केलं: नॉब घडवणाऱ्या केएएचआरपी जनुकाची पट्टी नाही, तपासणीसाठी घेतलेल्या वेगळ्या गुणसूत्रावरच्या जनुकाची पट्टी ठळक, आणि तुलनेसाठी घेतलेल्या 3डी7 या स्ट्रेनच्या डीएनएत दोन्ही. केएएचआरपी जनुक 2 क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असतं आणि कल्चरमध्ये ते टोक तुटून जाणं जुनं, ओळखीचं आहे.

शरीरात असा परजीवी टिकणं अवघड. नॉब नसल्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरता आलं नाही तर पेशी प्लीहेत जाते आणि तिथे गाळली जाते. फ्लास्कमध्ये प्लीहा नाही. ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 मध्ये अखंड कल्चर जमवलं तेव्हापासून या परजीवीला अशी जागा मिळाली आहे, जिथे फक्त लवकर वाढणं उपयोगी पडतं. हिशेब करून पाहा: शंभरात एक परजीवी बदललेला असेल आणि दर चक्रात इतरांपेक्षा फक्त 10 टक्के जास्त वाढत असेल, तर 48 चक्रांत, म्हणजे तीनेक महिन्यांत, तो निम्म्यावर पोहोचतो. स्मिअरमध्ये यातलं काहीही दिसत नाही.

आम्हाला सीडी36 या रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या प्रथिनाला चिकटण्याची ताकद मोजायची होती, म्हणून हे फार मोलाचं ठरलं. नॉब नसलेल्या पेशी स्थिर प्लेटमध्ये सीडी36ला चिकटतात. प्रवाह सुरू केला की सुटतात. नुसत्या प्लेटवर भरवसा ठेवला असता तर कल्चर ठणठणीत वाटलं असतं.

इथे दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखायलाच हवेत. चिकटणारं प्रथिन घडवणाऱ्या सुमारे 60 वार जनुकांपैकी कोणतं चालू आहे, हे कल्चरमध्ये बदलत राहतं. पण जनुकं जागेवर असतात, सीडी36वर वारंवार निवड केली की हवा तो प्रकार परत मिळतो. तुटलेलं टोक परत येत नाही. थोडे नॉबवाले उरले असतील तर दर दोन-तीन चक्रांनी जिलेटिनवर तरंगवून त्यांचं प्रमाण वाढवता येतं. एकही उरला नसेल तर जुनी गोठवलेली कुपी हाच मार्ग. 9 क्रमांकाच्या गुणसूत्राचं टोक गेलं तर गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाणारी लैंगिक अवस्था, बनणंही थांबतं आणि डासांवरचे प्रयोग तिथेच संपतात. डीडी2 या प्रयोगशाळेतल्या प्रसिद्ध स्ट्रेनमध्ये तर एचआरपी2 जनुकच नाही. त्या जनुकाच्या प्रथिनावर चालणारी हिवतापाची रॅपिड टेस्ट तपासताना तो निगेटिव्ह कंट्रोल म्हणून उपयोगी पडतो.

आता कोणतंही कल्चर आलं की आधी तरंगवतो, वरचा थर ताज्या पेशींवर सोडतो आणि पुढच्या चक्रात रिंग 5 टक्क्यांच्या वर गेल्या की ग्लिसरॉलमध्ये गोठवतो. ट्रोफोझोइट गोठवण्यात फुटतात, रिंग तगतात. कुपीवर स्ट्रेन आणि तारखेच्या जोडीला कुपी उघडल्यापासूनचे आठवडे आणि शेवटच्या जिलेटिन चाचणीचा निकालही लिहितो.