चवळीचा कॅव्हियार आणि बोयची गाबोळी

"अगं, कॅव्हियार म्हणजे माशांची अंडीच ना?" हातातली मटारची शेंग तशीच धरून आईंनी विचारलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पुण्याच्या. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे साऊथ कॅरोलिनात, ग्रीनव्हिलला आल्या होत्या. ३१ डिसेंबरला गल्लीतल्या चार घरांनी आमच्याकडे जेवायचं ठरवलं होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पलीकडच्या घरात एक आजी राहतात, मूळच्या टेक्सासच्या. त्यांचा निरोप आला: मी कॅव्हियार आणते, चिप्स तुम्ही ठेवा.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हो, माशांचीच अंडी. फार महाग असतात, आई."

"असतील महाग. आपल्या भांड्यात नकोत. त्यांना म्हणावं, त्यांचं पातेलं त्यांनी घेऊन यावं आणि तसंच घेऊन जावं."

संध्याकाळी आजी आल्या त्या काचेचा एवढा मोठा सट घेऊन. एवढा कॅव्हियार आणायचा तर बाईंनी घर गहाण टाकलं असणार, असं माझ्या मनात आलं. मी झाकण काढलं. आत चवळी. शिजवलेली, डोळ्याडोळ्यांची, तुमच्या-आमच्या डब्यातली चवळी. तिच्यात बारीक चिरलेला कांदा, लाल-हिरवी ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, हालापिन्यो मिरची, कोथिंबीर, आणि वर तेल-व्हिनेगर. आईंनी लांबूनच मान उंचावून पाहिलं आणि एकदम खुलल्या. "अय्या, ही तर कोशिंबीर!"

मग त्यांनीच सगळ्यांत जास्त खाल्ली. खोलगट मक्याच्या चिप्सनी उचलायची असते, तशी उचलून. निकालही लगेच दिला: "चवळी मोडली नाही, छान शिजलीय. पण फोडणी नाही गं. आणि दाण्याचं कूट घातलं असतं तर..."

ह्या पदार्थाचं नाव टेक्सास कॅव्हियार. मका, काळा घेवडा वगैरे भर घातली की त्याला काउबॉय कॅव्हियार म्हणतात. नाव कुणी टेक्सासच्या गुराख्याने ठेवलेलं नाही. हेलन कॉर्बिट नावाच्या बाईंचं ते श्रेय. त्या मूळच्या न्यूयॉर्क राज्यातल्या, आहारशास्त्र शिकलेल्या. १९४० च्या सुमारास शिकवायच्या नोकरीवर टेक्सासला आल्या. एका मेजवानीसाठी त्यांना फक्त टेक्सासमध्ये पिकणारं काय ते वापरून स्वयंपाक करायला सांगितलं गेलं, आणि मग ह्यूस्टनच्या एका क्लबात नववर्षाच्या आदल्या रात्री त्यांनी चवळीचं हे लोणचं वाढलं, असं सांगतात. लोणचंच म्हणायचं त्याला, कारण त्यांची मूळ कृती अगदी सुटसुटीत आहे: चवळी, तेल, व्हिनेगर, कांदा, मीठ, मिरपूड आणि लसणाची एक अख्खी पाकळी. ती पाकळी एका दिवसानंतर काढून टाकायची. बरणी फ्रीजमध्ये निदान दोन दिवस मुरू द्यायची, दोन आठवडे टिकते. मका नाही, ढोबळी नाही, कोथिंबीर नाही. पुढे ऑस्टिनच्या ड्रिस्किल हॉटेलात ह्या चवळीला टेक्सास कॅव्हियार हे नाव चिकटलं. १९५५ मध्ये बाई डॅलसच्या नीमन मार्कस ह्या श्रीमंती दुकानाच्या खानपानाच्या प्रमुख झाल्या. हिरे आणि फरचे कोट विकणाऱ्या दुकानात चवळीला मान मिळाला, तो ह्या बाईंमुळे.

आता चवळी ही इथे कुणाची, हेही सांगायला हवं, नाहीतर नुसती गंमत होईल. ती पश्चिम आफ्रिकेतली. गुलामांना भरून आणणाऱ्या जहाजांबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिणेत आली, आणि गुलामांच्या परसात रुजली. गोऱ्या मालकांच्या लेखी ते बरीच वर्षं गुरांचं वैरण. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेतली धान्याची कोठारं लुटली, पण चवळी तेवढी जनावरांचं खाणं समजून मागे ठेवली आणि तिच्यावर लोक जगले, अशी एक कथा इथे प्रत्येक जण सांगतो. खरी किती, देव जाणे. पण १ जानेवारीला चवळी खाल्ली नाही तर वर्ष फुकट, असं मानणारी शहाणीसुरती माणसं माझ्या गल्लीत आहेत. भातात शिजवली तर तिला हॉपिन जॉन म्हणतात. सोबत कॉलर्डची भाजी, कारण पानं डॉलरच्या नोटांसारखी हिरवी. आणि मक्याचा ब्रेड, कारण तो सोन्यासारखा पिवळा. चवळी म्हणजे नाणी. लक्ष्मीपूजनाचं ताटच म्हणा ना, फक्त सगळं पोटात जाणारं.

भारतातही चवळी आफ्रिकेतूनच आलेली, फक्त आपल्याकडे काही हजार वर्षं आधी. हे आईंना सांगितलं तर त्यांनी विश्वास ठेवला नाही. "चवळी आपलीच," म्हणाल्या.

त्या रात्रीनंतर मी कान टवकारून ऐकायला लागले, आणि लक्षात आलं की ह्या लोकांना कशालाही कॅव्हियार म्हणायची खोड आहे. जे स्वस्त, जे घरोघरी, जे खाताना बोटं चाटावी लागतात, ते इथलं कॅव्हियार. पिमेंटो चीज घ्या: किसलेलं चेडर, मेयोनेज आणि गोडसर लाल मिरची कालवून ब्रेडला फासायची. तेही कॅव्हियार. त्यातलं मेयोनेज कुठलं, ह्यावरून घराघरांत भांडणं होतात. आमच्या ग्रीनव्हिलात ड्यूक्सचंच लागतं, कारण युजिनिया ड्यूक बाईंनी इथेच १९१७ मध्ये छावणीतल्या सैनिकांना सँडविच विकता विकता तो धंदा उभा केला. त्यात साखर नसते. मला स्वतःला ते चीज म्हणजे सारणाशिवायची करंजी वाटतं, पण हे इथे कुणासमोर बोलायची सोय नाही.

शेंगांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. हायवेवरून गाव सोडलं की रस्त्याच्या कडेला हाताने रंगवलेल्या पाट्या दिसायला लागतात: बॉइल्ड पीनट्स. मागे पत्र्याची शेड, गॅसवर मोठाले हंडे, आणि झाकण उघडलं की जो वास येतो ना, मी पहिल्या वेळी नवऱ्याला गाडी वळवायला लावली होती. भाद्रपदात आजीच्या चुलीवर ओल्या शेंगा उकडायच्या तोच वास. फरक एवढाच की आपण दाणा शिजला की उतरवतो. हे लोक तासन्‌तास खारट पाण्यात रटरटवतात. दाणा राजम्यासारखा मऊ होतो आणि टरफलात मिठाचं पाणी भरून राहतं. शेंग दातांत धरून आधी ते पाणी ओढायचं, मग टरफल उघडायचं. पहिल्या दोन-तीन शेंगांचं पाणी माझ्या कुर्त्यावर गेलं. शेंगवाल्याने हसून कागदी रुमाल दिला आणि म्हणाला, सावकाश, हे दक्षिणेचं कॅव्हियार आहे. २००६ पासून साऊथ कॅरोलिनाने उकडलेल्या शेंगांना कायद्याने राज्याचा अधिकृत खाऊ करून टाकलंय. शेंगदाणा मूळ दक्षिण अमेरिकेतला, पण इथवर आला तो आफ्रिकेचा फेरा मारून. जुनी माणसं त्याला अजून 'गूबर' म्हणतात, तो शब्द आफ्रिकेतल्या 'न्गुबा'वरून आलेला. म्हणजे चवळी काय, शेंग काय, दोन्हींची वाट तीच.

मग खरा कॅव्हियार इथे नाहीच का? आहे. टेनेसी, केंटकी, ओक्लाहोमाच्या नद्यांत पॅडलफिश म्हणून एक अजब मासा असतो. अंगावर खवले जवळजवळ नाहीत, काटे नाहीत, आत जवळजवळ सगळं कूर्चेचं, आणि तोंडापुढे हातभर वल्हं. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे आमिषाला ढुंकून बघत नाही. लोक मोठा गळ पाण्यातून झटके मारत ओढतात, अडकला तर अडकला. त्याची अंडी करडी, मोत्यासारखी. अस्सल कॅव्हियार ज्यांच्या अंड्यांचा, ते कॅस्पियन समुद्रातले स्टर्जन मासे संपत आले तसा ह्याचा भाव वाढला, आणि चोरून मारणारेही वाढले. ओक्लाहोमात तर सरकारनेच सोय केली होती: तुमचा मासा केंद्रावर आणा, फुकट साफ करून देतो, अंडी मात्र आमची. ती विकून आलेल्या पैशांतून माशांवर संशोधन चालायचं. खाली लुइझियानात बोफिन नावाच्या माशाची काळी अंडी 'केजन कॅव्हियार' म्हणून विकतात. त्या माशाला तिथले लोक शूपिक म्हणतात. अमेरिकेत डब्यावर नुसतं 'कॅव्हियार' लिहायचा मान फक्त स्टर्जनला, बाकीच्यांनी आधी आपल्या माशाचं नाव लावायचं. चवळीला मात्र हा नियम कुणी लावलेला दिसत नाही!

पॅडलफिशचा कॅव्हियार मी एकदा खाल्ला. नवऱ्याच्या ऑफिसच्या जेवणात, अर्धा चमचा. खारट, थोडा लोण्यासारखा, गार. बरा होता. पण खाताना मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन कळलं काय ते. कॅव्हियार करताना अंड्यांची पिशवी जाळीवर हळूच घासून दाणा न्‌ दाणा सुटा करतात, धुतात, मीठ लावतात, निथळून डब्यात भरतात. चूल नाहीच. आणि मी रत्नागिरीची. आमच्याकडे माशाच्या अंड्याला विस्तव दाखवल्याशिवाय ते अंडं नव्हे. आमच्याकडे गाबोळी असते.

लहानपणी मासेवाली मावशी दारात टोपली उतरवायची, मासा चिरायची, आणि पोटातून पिवळीधमक जोडी निघाली की आईकडे न बघता माझ्याकडे बघायची. "घे गो, तुझी." भाव माशाचा, गाबोळीचे वेगळे पैसे कधी लागले नाहीत. हळद-मीठ लावून थोडी वाफवायची, गार झाली की जाड काप, मग मसाला, आगळ, तांदळाचं पीठ, आणि तव्यावर. इथे आल्यावर नऊ वर्षं मी ती पाहिली नव्हती. इथल्या सुपरमार्केटात मासा येतो तो पोट रिकामं करून, कातडी सोलून, प्लॅस्टिकमध्ये. मासा होता की साबणाची वडी, कळत नाही.

गेल्या डिसेंबरात मुलांना समुद्र दाखवायला फ्लोरिडाला गेलो. जाता जाता कॉर्टेझला थांबलो. ब्रेडन्टनजवळचं हे छोटं कोळीवाडं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्थ कॅरोलिनातून आलेल्या मासेमारांनी वसवलेलं. धक्का, जाळी, पेलिकन, वास. वास आल्याबरोबर मला माहेरी आल्यासारखं झालं आणि मुलांनी नाकं धरली. तिथे मलेट मासा मुख्य, म्हणजे आपली बोय. थंडीची लाट आली की बोयचे थवेच्या थवे अंडी घालायला खोल समुद्राकडे निघतात, आणि तेवढे काही आठवडे ह्या गावाचा हंगाम. पूर्वी लांब जाळी लावून पकडायचे. १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी घटनेतच दुरुस्ती करून ती जाळी बंद पाडली. आता होडीत उभं राहून हाताने पाग फेकतात. पोटातली अंडी बहुतेक परदेशी जातात. तैवान आणि जपानमध्ये ती खारवून, दाबून, वाळवून खातात, इटलीत तिला बोतार्गा म्हणतात. भाव सगळा अंड्यांना, मासा स्वस्त. आमच्या मावशीच्या टोपलीच्या बरोबर उलटं.

दुकानात बर्फावर ट्रे होते. एका ट्रेमध्ये जोड्याच जोड्या, केशरी-पिवळ्या, वर बारीक लाल शिरा. मी मराठीतच ओरडले, "गाबोळी!" काउंटरवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "रेड रो?" मादीच्या अंड्यांना तिथे रेड रो म्हणतात, नराच्या पिशवीला व्हाइट रो. मी बोटाने दाखवलं. त्याने विचारलं, कशी करणार? मी सांगितलं, तळणार. तो इतका खूष झाला, म्हणाला आजकाल सगळे वाळवायला नेतात, तळून कोण खातो? त्याची आई मक्याच्या पिठात घोळवून तळायची, नाश्त्याला, ग्रिट्सबरोबर. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या भरड्याची पेज. म्हणजे पेज आणि गाबोळी! दोन जोड्या मोजून त्याने पिशवीत भरल्या आणि बजावलं, पिशवीला आधी सुईने टोचा, नाहीतर उडेल.

हे मला शिकवायची गरज नव्हती, असं मी मनात म्हटलं. आणि भाड्याच्या घरात आल्यावर घाईघाईत वाफवायचं सोडून थेट तव्यावर टाकली. पहिल्या मिनिटाला फटाफट आवाज सुरू झाले, दुसऱ्याला अंडी छतापर्यंत, तिसऱ्याला धुराचा भोंगा. नवरा खुर्चीवर चढून टॉवेलने भोंग्याला वारा घालतोय, मुलं बाल्कनीत, आणि मी मनगटावर भाजल्याचा डाग घेऊन झाकण शोधतेय. शेवटी झाकलं, आच कमी केली, काप पाडून पुन्हा परतले. आगळ नव्हतं म्हणून लिंबू. वरून कुरकुरीत, आत दाणेदार, जिभेवर रेतीसारखी सुटणारी. चुकलं होतं ते हेच.

आई तोवर पुण्याला परतल्या होत्या. दुसरी जोडी बर्फाच्या पेटीतून घरी आणलीय, फ्रीझरमध्ये आहे. त्या मार्चमध्ये पुन्हा येणार आहेत, त्याआधी संपवायला हवी. तो कप्पा त्यांना ओल्या नारळाच्या चवासाठी लागतो.