रांगोळीवरची पाच बोटे

परसातल्या चिकूच्या फांदीला बाजरीने भरलेली करवंटी टांगलेली असते आणि शेजारच्या बेचक्यात तांबट-बुलबुलांसाठी पपईची फोड ठेवलेली असते. ती फोड संध्याकाळी ठेवली की सकाळी नुसती साल उरते, हे बरेच दिवस चालले होते. एका दुपारी कुंपणाच्या भिंतीवर विष्ठा दिसली, आणि तिच्यात पपईच्या बिया धुऊन मोजून ठेवाव्यात तशा अखंड होत्या.

उरलेली दुपार मी संशयितांच्या छाननीत घालवली. वटवाघूळ भिंतीवर चालत येत नाही, आणि घुशीला एवढ्या उंचावरची फांदी झेपली नसती. शेजारचा बोका पपईकडे ढुंकूनही पाहत नाही. तरीही आमच्या आळीत काहीही नाहीसे झाले की पहिले नाव त्याचेच निघते. अखेर संध्याकाळी मी भिंतीवर वीतभर रुंदीचा रांगोळीचा पट्टा चाळला. घरातल्यांनी सणाची चौकशी केली, ती मी ऐकली नाही.

सकाळी त्या पट्ट्यावर पावले उमटलेली होती, आणि प्रत्येक पावलाला पाच बोटे होती. मांजराच्या ठशात चारच बोटे उमटतात, तेव्हा बोका निर्दोष सुटला.

त्या रात्री मी दिवा मालवून खिडकीशी बसलो. दिसण्याआधी वास आला, आणि तो भाताचा होता. कोकणात आजोळी मध्यरात्री असाच आंबेमोहोर शिजल्याचा वास माडीवर पसरायचा, आणि आम्हा मुलांना हमखास भूक लागायची. एवढ्या रात्री चूल कोणी पेटवली, असे विचारल्यावर आजी कूससुद्धा न बदलता म्हणायची, "चूल नव्हे रे, उदमांजर कौलांवरून गेलं. झोपा." बंगालीत याच प्राण्याला गंधगोकुल म्हणतात, तिथल्या आज्याही बहुधा कूस न बदलताच सांगत असतील. उलट, १७७७ साली पालास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावातच 'हर्माफ्रोडिटस', म्हणजे उभयलिंगी, असा शिक्का मारला. नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखाली वृषणांसारख्या दिसणाऱ्या गंधग्रंथी असतात, त्यावरून हा घोटाळा झाला. ज्या ग्रंथींचा वास घ्यायचा, त्यांच्याकडे नुसते पाहिले की असे होते. अर्थात दोन दिवस रांगोळी चाळत बसलेल्या माणसाने हे म्हणू नये.

मग चिकूची पाने हलली, लांब काळी शेपटी फांदीवरून ओघळली आणि क्षणभर दोन डोळे चमकले. घरात कोणीतरी झोपेतच विचारले, "आत्ता कोणाकडे भात लावलाय?" मी कूस बदलण्याच्या स्थितीत नव्हतो, तरी उत्तर आजीचेच दिले. पपई हल्ली दोन फोडी चिरतो. तांबटांसाठीची सकाळी ठेवतो.