कोकणातलं अवजारांचं दुकान: फाळापासून पॉवर टिलरपर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर घडवला. घाटावर तो चालला. कोकणात बैल लहान चणीचे, कुणगे (भाताची छोटी खाचरं) अरुंद. लाकडी नांगराला लोखंडी फाळ पुरत होता. त्यामुळे बापाकडून मुलाकडे आलेली इथली जुनी दुकानं फाळ, कोयते, विळे, पिकाव यांच्यावर उभी राहिली. नंतर डिझेल पंप आले, आंब्यासाठी फवारणी पंप आले.

भातासाठी खरा बदल पॉवर टिलरचा, म्हणजे मागे चालत हाकायच्या दोन चाकी नांगरणी यंत्राचा. बंगळूरची व्हीएसटी कंपनी १९६७ची, जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर. केरळची कामको १९७३ची, जपानच्याच कुबोटाच्या. दोन्ही तंत्रं भातखाचरांच्या देशातली, म्हणूनच हे यंत्र आमच्या चिखलात चाललं.

पण कोकणात टिलर वर्षातले थोडेच दिवस राबतो, बाकी पडवीत उभा असतो. म्हणून मी दुकान जोखतो ते मिरगाआधीच्या सुट्या भागांच्या फळीवरून. ऑइल सील, व्ही-बेल्ट, पाती आणि पात्यांचे बोल्ट नसतील, तर शोरूमची चकाकी काय कामाची?

सगळ्यात जास्त घात करतं ते रोटरी शाफ्टचं, म्हणजे पाती फिरवणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील; तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी ती रबरी कडी. चिखलणीत गवत आणि नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळते, सील कापते, पाणी आत शिरतं. तेल दुधाळ होतं आणि पाठोपाठ बेअरिंग जातं. रोज संध्याकाळी गुंडाळा काढा. सकाळी यंत्र सुरू करण्याआधी ड्रेन बोल्ट (तळाचा, तेल सोडायचा) जरासा सैल करून बघा. रात्रभरात पाणी तळाशी बसतं, आधी तेच गळतं.

पाती डावी-उजवी असतात. बसवताना अदलाबदल झाली की मधे वरंबा उठतो, आणि लोक दोष यंत्राला देतात.

लावणी संपली की गोड्या पाण्यानं धुवा, खाजणातून (खाऱ्या पाण्याच्या जमिनीतून) आलेलं असेल तर त्याच दिवशी. टाकी डिझेलनं भरून ठेवा, रिकामी टाकी आतून घाम धरते. बेल्ट सैल करा. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) फिरवून कॉम्प्रेशनचा जोर लागेल तिथे थांबवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत जात नाही.

यंत्र हवाली करताना दुकानदारानं एक गोष्ट उतारावर नेऊन दाखवायलाच हवी. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाचा जोर तोडणारी मुठीतली कळ) दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतरताना मात्र ते चाक मोकळं सुटून पुढे धावतं आणि यंत्र उजवीकडे फिरतं. बांधावरून खाली यायचं तर पहिला गिअर, थ्रॉटल कमी, आणि वळायचं ते खाली सपाटीवर पोचल्यावर.